केडीएमचा धूर आणि स्वादुपिंडातली तिजोरी

माझे मामा नाशिकच्या सराफ बाजारात कारागीर होते. दुकान त्यांचं नव्हतं. दुकानामागच्या बोळात अरुंद जिना चढून गेलं की एक बुटकी खोली लागायची, तिथं चार जण मांडी घालून बसलेले असायचे. समोर शेगडी, तोंडात फुंकणी, बाजूला सवागीची (टाकणखाराची) वाटी. शाळेला सुट्टी लागली की मी तिथं जाऊन बसायचो. सोन्याच्या दोन कड्या जवळ आणायच्या, सांध्याला सवागी लावायची, त्यावर डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, तिळाएवढा कण ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत वाकवून नेमकी त्या कणावर सोडायची. कण आधी गोल व्हायचा आणि मग एकदम पाण्यासारखा सांध्यात पळायचा. तो पळाला की वर पिवळट-तपकिरी धुराची एक बारीक रेघ उठायची. मामा तोंड फिरवत नसत. दिवसभर फुंकणी फुंकणाऱ्या माणसाला श्वासाची चैन परवडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मामांची रक्तातली साखर वाढलेली निघाली. गोळी सुरू झाली, भात कमी झाला, संध्याकाळी गोदाकाठी फिरणं सुरू झालं. आणि एका रविवारी त्यांचा मला फोन आला. "तू कॉलेजात रसायन शिकवतोस ना? मग सांग, आमच्या त्या केडीएमच्या धुरानं झालंय का हे?"

मी म्हटलं, मामा, वेळ द्या. त्यानंतर जे वाचलं आणि त्यांना तुकड्या-तुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहितो आहे.

केडीएम हे कुठल्या कंपनीचं नाव नाही. 'कॅडमियम' या शब्दाचं ते बाजारात झालेलं रूप आहे. पूर्वी डाखात सोनं कमी आणि तांबं-चांदी जास्त असायची. त्यामुळे डाग मोडायला नेला आणि आटवला की कस उतरायचा आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं. मग साधारण ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम असा डाख आला. तो लवकर वितळतो, सांधा साफ बसतो आणि दागिन्याचा कसही राहतो. गिऱ्हाईक खूश, सराफ खूश. फटका बसला तो फक्त फुंकणीमागे बसलेल्या माणसाला. कारण सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळायला लागतं. म्हणजे सांधा जुळायच्या वेळी डाखातलं कॅडमियम वाफ होऊन उडतं, हवेत त्याचा ऑक्साइड होतो आणि तोच तो तपकिरी धूर. हॉलमार्कचा जमाना आला आणि जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तसा केडीएमचा रुबाब गेला. पण मामांनी त्याआधी बरीच वर्षं हा धूर घेतला होता.

आता कॅडमियम हा काय प्रकार आहे ते बघू. आवर्त सारणीत एका उभ्या रांगेत तीन धातू आहेत: वर जस्त, मध्ये कॅडमियम, खाली पारा. एकाच घरातली ही तीन भावंडं. जस्त घरचं, कामाचं, त्याच्याशिवाय आपल्या पेशींचं पान हलत नाही. बाकीच्या दोघांचा माणसाच्या शरीरात काडीचा उपयोग नाही. कॅडमियम सापडलंसुद्धा जस्ताच्या घरातच. १८१७ साली जर्मनीत फ्रीडरिक स्ट्रोमायर यांना जस्ताच्या एका खनिजात ते मिसळलेलं आढळलं, आणि आजही जगातलं बहुतेक कॅडमियम जस्त शुद्ध करतानाचं जोडउत्पादन म्हणूनच निघतं. जिथे जस्त, तिथे हा चुलतभाऊ मागून येतोच.

आणि स्वादुपिंड हा जस्ताचा भुकेला अवयव आहे.

जठराच्या मागे आडवं पडलेलं हे शंभर ग्रॅमच्याही आतलं, वीतभर पिंड. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो. त्या मांसात विखुरलेली सुमारे दहा लाख बारीक बेटं आहेत. पॉल लँगरहान्स यांनी विद्यार्थी असताना, १८६९ साली, त्यांचं पहिलं वर्णन केलं. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. पण तयार झालेलं इन्सुलिन लगेच बाहेर सोडायचं नसतं, जेवण होईपर्यंत साठवून ठेवायचं असतं. सुटे रेणू ठेवले तर जागा फार लागेल आणि नासधूसही होईल. म्हणून सहा-सहा रेणूंचा एक गठ्ठा बांधतात आणि गठ्ठ्याच्या मध्यभागी दोन जस्ताचे अणू गाठीसारखे बसवतात. डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ साली इन्सुलिनची रचना उलगडून दाखवली तेव्हा हे दोन अणू स्वच्छ दिसले. या बांधणीसाठी बीटा पेशींना सतत जस्त लागतं, आणि शरीरात सर्वाधिक जस्त बाळगणाऱ्या पेशींमध्ये त्यांची गणना होते. स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या भागाचाही जस्ताशी व्यवहार मोठा आहे: शरीरातलं जादा जस्त पाचकरसातून आतड्यात सोडायचं कामही तोच करतो.

एवढं जस्त आत घ्यायचं तर दारं बरीच हवीत, आणि उघडीही हवीत. पेशीच्या आवरणावर जस्त आत ओढणारी प्रथिनं असतात, तीच ही दारं. दारवान आलेल्याचा चेहरा बघतो, आधारकार्ड बघत नाही. कॅडमियमचा आयन जस्ताहून थोडा मोठा, पण विद्युतभार तोच, वागणूकही बरीचशी तशीच. घरचाच समजून त्याला आत घेतलं जातं. अवयवदान झालेल्या माणसांच्या स्वादुपिंडातली बेटं तपासली तेव्हा त्यांत मोजता येण्याइतकं कॅडमियम मिळालं आहे. प्रयोगशाळेत बीटा पेशींना अगदी थोडं कॅडमियम बरेच दिवस देत राहिलं, तर त्या ते साठवत जातात आणि साखर वाढल्यावर इन्सुलिन सोडण्याचं त्यांचं काम मंदावतं.

मग प्रश्न असा की हा घरात शिरलेला भामटा धुमाकूळ का घालत नाही? घालतो, पण बराच कमी. कारण आत एक तिजोरी आहे.

तिजोरीचं तत्त्व सराफ बाजारातल्या पोरालाही माहीत असतं, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नसतं. चांदी काळी का पडते? हवेतल्या गंधकामुळे. उकडलेल्या अंड्याच्या बलकाला चांदीचा चमचा लागला तर तो डागाळतो, तेही गंधकामुळेच. गंधक आणि जड धातू यांचं जमतं, आणि जमलं की सुटता सुटत नाही. गंधक आणि हायड्रोजनची जोडी असलेल्या एका जातीच्या रसायनांना डेन्मार्कच्या झाइझे यांनी १८३२ मध्ये 'मर्केप्टन' असं नाव दिलं. त्याचा लॅटिन अर्थच 'पारा पकडणारा'. आपल्या अन्नातल्या प्रथिनांत ही गंधक-हायड्रोजनची जोडी घेऊन फिरणारं एक अमिनो आम्ल असतं, सिस्टीन. लासलगावच्या कांद्याने डोळ्यांना पाणी येतं, त्यातलं गंधकही सिस्टीनच्याच एका भावंडातून आलेलं असतं.

शरीराने केलं काय, तर या सिस्टीनची दाटी करून एक छोटं प्रथिन बनवलं. त्याचं नाव मेटॅलोथायोनिन. 'थायो' म्हणजे गंधक. नाव बोजड आहे, पण एकदा फोडलं की घाबरवत नाही. १९५७ साली मार्विन मार्गोशेस आणि बर्ट व्हॅली यांना ते घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलं. ते कॅडमियम शोधत होते आणि कॅडमियम या प्रथिनाला चिकटलेलं होतं. म्हणजे चोरासकट तिजोरीच हाती लागली.

या प्रथिनाकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. साध्या प्रथिनात शेकडो अमिनो आम्लं असतात आणि त्यांत सिस्टीन मोजकी. इथे एकूण साठ-एकसष्ट अमिनो आम्लं, आणि त्यांतली वीस सिस्टीन. दर तिसरं! धातू नसेल तेव्हा हे प्रथिन सुटलेल्या दोरीसारखं लोंबतं, त्याला स्वतःचा ठाम आकार नसतो. धातूचे आयन आले की सिस्टीनची गंधकं त्यांना चारी बाजूंनी धरतात आणि दोरी आपोआप दोन गाठोड्यांत गुंडाळली जाते. एका गाठोड्यात अकरा सिस्टीन मिळून चार आयन, दुसऱ्यात नऊ सिस्टीन मिळून तीन. सात आयन झाले की खण भरले. एरवी या खणांत जस्त असतं. तिजोरी रिकामी ठेवायची नाही, घरच्या मालाने भरून ठेवायची, ही इथली रीत.

आणि खरी गंमत त्यातच आहे. गंधक कॅडमियमला जस्तापेक्षा हजारो पट घट्ट धरतं. कॅडमियम पेशीत शिरलं की ते सरळ या तिजोरीपाशी येतं, खणातल्या जस्ताला ढकलून बाहेर काढतं आणि स्वतः आत जाऊन बसतं. ज्याला इतर प्रथिनांच्या जस्ताच्या जागा बळकावून त्यांचं काम बिघडवायचं होतं, तो आपण होऊन कुलुपात गेला. पण एका तिजोरीने भागत नाही, आणखी हव्यात. मग पेशीला कळतं कसं की बाहेरून माल येतोय?

नाशिककरांना हे एका वाक्यात कळेल. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडापाशी माणसं क्यूसेकचे आकडे बघत नाहीत, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतात. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. मारुतीला पाणी कुठवर लागलं त्यावर भांडी बाजारातला माणूस दुकानातला माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. पेशीच्या आत असाच एक मारुती आहे, एमटीएफ-१ नावाचं प्रथिन. तो मोकळ्या जस्ताची पातळी सांगतो. पेशीत मोकळं जस्त एरवी अगदी नगण्य असतं, कारण जवळजवळ सगळं कुठे ना कुठे बांधलेलं असतं. पातळी जरा चढली की जस्त एमटीएफ-१ ला चिकटतं, तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि मेटॅलोथायोनिनच्या जनुकाशी बसून सांगतो, काढा नवीन तिजोऱ्या.

आता दोन्ही जोडून बघा. कॅडमियम तिजोरीत शिरताना जस्ताला बाहेर ढकलतं. ते सुटलेलं जस्त मारुतीला लागतं. मारुती आणखी तिजोऱ्या मागवतो. म्हणजे कॅडमियमला ओळखणारा वेगळा पहारेकरी ठेवायची गरजच पडली नाही, चोराने घरच्याला धक्का दिला तोच गजर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. निसर्गाने केलेली काटकसर बघितली की माणूस कितीही निगरगट्ट असो, जरा हलतो.

हे सगळं स्वादुपिंडाला खरंच वाचवतं का, याचा पुरावा उंदरांकडून आला. १९९३-९४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मेटॅलोथायोनिनची दोन मुख्य जनुकं काढून टाकलेले उंदीर तयार केले. अपेक्षा अशी की जगणारच नाहीत. ते मजेत जगले, त्यांना पिल्लंही झाली. शांत पिंजऱ्यात, मापातल्या खाण्यावर, तिजोरी नसली तरी अडलं नाही. पण कॅडमियम दिलं तेव्हा साध्या उंदरांना सोसेल एवढ्या मात्रेने यांची यकृतं निकामी झाली. आणि १९९६ सालच्या प्रयोगात जस्त जादा दिलं तेव्हा स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींची पडझड या उंदरांत जास्त दिसली. लक्षात घ्या, इथे विष म्हणजे जस्त, घरचंच. सावरून धरणारं कोणी नसलं की घरचंही अंगावर येतं.

जादा जस्त स्वादुपिंडालाच का झोंबतं, याचं एक उदाहरण पशुवैद्यांना पाठ असतं. अमेरिकेत १९८२ पासूनचं एक सेंटचं नाणं बाहेरून तांबडं दिसतं, पण ते ९७.५ टक्के जस्त असतं. कुत्र्याने असं नाणं गिळलं की जठरातल्या आम्लात ते विरघळत जातं, रक्तपेशी फुटतात आणि स्वादुपिंडाचंही नुकसान होतं. ज्या अवयवाचं कामच जादा जस्त बाहेर टाकणं, त्याच्यावर सगळा लोंढा येऊन आदळतो. धरणाखालच्या गावासारखी त्याची गत होते.

बीटा पेशींचं काय? त्यांना मारायचं एक औषध आहे, स्ट्रेप्टोझोटोसिन. उंदराला टोचलं की बीटा पेशी मरतात आणि त्याला मधुमेह होतो, म्हणून प्रयोगशाळांत ते सर्रास वापरतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात उंदरांच्या बीटा पेशींमध्येच मेटॅलोथायोनिन मुद्दाम भरपूर वाढवलं होतं. त्यांना हे औषध टोचलं तेव्हा डीएनएची मोडतोड कमी झाली आणि मधुमेहही कमी झाला. कारण ही गंधकं धातूबरोबर पेशीतल्या जाळपोळ करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंनाही झेलतात. इथवर गोष्ट साजूक तुपासारखी आहे. पण त्याच गटाने २००६ मध्ये आपोआप मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांत हाच प्रयोग केला, तर मधुमेह उलट लवकर आला. म्हणजे 'तिजोऱ्या वाढवा, मधुमेह पळवा' अशी पाटी कुणी लावली असेल तर ती खुशाल काढून टाकावी.

आता थोडी कटू बाजू. मामांना ही सांगताना मी दोनदा चहा मागवला.

पकडणं वेगळं आणि बाहेर काढणं वेगळं. तिजोरी कॅडमियमला धरून ठेवते, घराबाहेर नेऊन टाकत नाही. मेटॅलोथायोनिनचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. ते झिजलं की पेशी त्याला मोडून खाते, कॅडमियम क्षणभर सुटं होतं, आणि नवी तिजोरी त्याला पुन्हा आत घेते. बँकेतल्या मुदत ठेवीसारखं, पावती बदलते, ठेव तीच. यकृतातून थोडं कॅडमियम तिजोरीसकट रक्तात जातं, मूत्रपिंडात गाळलं जातं आणि तिथल्या पेशी प्रथिन समजून ते परत ओढून घेतात. प्रथिन पचतं, कॅडमियम उरतं. यकृताला वाचवणारी तिजोरी मूत्रपिंडाला माल पोहोचवणारी गाडी ठरते. मूत्रपिंडातलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानात तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्यांना खाणीतून आलेल्या कॅडमियमने जो आजार झाला, त्याचं नाव 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. मूत्रपिंडं गेली आणि हाडं ठिसूळ झाली, विशेषतः वयस्क बायकांची. सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला तो १९६८ साली.

म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं 'सात दिवसांत जड धातू बाहेर' हे प्रकरण वाचलं की माझं डोकं सणकतं. कोथिंबिरीचा रस प्या, चांगला लागतो. पण तीस वर्षं खणात बसलेलं कॅडमियम कोथिंबिरीला बघून उठत नाही. धातू पकडून बाहेर नेणारी खरी औषधं आहेत, पण ती विशिष्ट विषबाधांसाठी, रुग्णालयात, रक्त-लघवी तपासत द्यायची असतात.

हीच तिजोरी औषध म्हणून वापरण्याची एक नामी युक्ती मात्र आहे, आणि ती तांब्याशी निगडित आहे. विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साठतं. अशा रुग्णांना जस्त देतात. जस्तामुळे आतड्याच्या आतल्या पेशी भरपूर मेटॅलोथायोनिन बनवतात. अन्नातून तांबं आलं की गंधक जस्ताला सोडून तांब्याला धरतं, आणि आतड्याच्या त्या पेशी तीन-चार दिवसांत आपसूक झडून शौचावाटे जातात. तिजोरीच कचऱ्यात! इथे पकडणं म्हणजे खरोखर बाहेर टाकणं होतं, कारण घरच रोज पाडून नवं बांधलं जातं. अमेरिकेत १९९७ पासून झिंक अ‍ॅसिटेट या कामासाठी मान्य आहे. याची दुसरी बाजू अशी की करोनाच्या काळात सवय लागली म्हणून जे अजूनही रोज जस्ताच्या मोठ्या गोळ्या घेतात, त्यांच्या बाबतीतही नेमकं हेच होऊ शकतं आणि चांगल्या माणसाला तांब्याची कमतरता येऊ शकते. मोठ्या माणसाने दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जस्त स्वतःच्या मनाने घेऊ नये, असं तिथले आहारतज्ज्ञ सांगतात.

तांबट आळीतल्या भांड्यांबद्दल विचारणारे असतातच. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावतात ती आंबटाशी तांब्याचा संबंध येऊ नये म्हणून, आणि ती रीत शहाणपणाची आहे. ताक, चिंच, कैरी बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, एवढं पुरे. कल्हईचं कथील मात्र शुद्ध हवं. त्यात शिसं मिसळलं असेल तर ते अन्नात उतरतं, आणि शिशासमोर ही तिजोरी कॅडमियमसमोर असते तेवढी भक्कम नाही. पाऱ्याला ती फार घट्ट धरते. पण मिथाइल पारा, म्हणजे कार्बनशी जोडलेला पारा, वेगळ्या वाटेने मेंदूत जातो, तो विषय निराळा आहे.

मग कॅडमियम येतं कुठून, धूर बंद झाला तरी? पहिलं नाव तंबाखूचं. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत गोळा करण्यात पटाईत आहे. एका सिगारेटमध्ये एक ते दोन मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं, आणि फुप्फुसातून ते पोटापेक्षा कितीतरी सहज रक्तात जातं. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट कॅडमियम असतं. सिन्नरची विडी ओढणाऱ्याने ती अस्सल देशी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, आत तंबाखूच आहे. धूम्रपानाने स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका साधारण दुपटीने वाढतो. त्यात कॅडमियमचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड, कारण धुरात आरोपी बरेच असतात.

दुसरी गोष्ट बायकांनी ऐकावी अशी. अंगात लोह कमी असलं की आतडं लोहासाठी जादा दारं उघडतं, आणि त्या दारांनीही कॅडमियम शिरतं. जस्ताच्या दाराची हकिगत पुन्हा, फक्त दार दुसरं. म्हणजे हिमोग्लोबिन नऊवर असलेली आणि मशेरी लावणारी बाई कॅडमियमला दोन्ही हातांनी बोलावते आहे. लोहाच्या गोळ्या कडू लागतात, पोट बिघडवतात, मान्य. तरी घ्याव्यात. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या कचऱ्यात जाळू नयेत, हे जाता जाता.

आणि मामांचा मूळ प्रश्न? कॅडमियम आणि मधुमेह यांचा माणसांत संबंध आहे का, यावर मोठे अभ्यास झाले. अमेरिकेतल्या पाहणीवर आधारलेल्या २००३ सालच्या एका अभ्यासात लघवीत कॅडमियम जास्त असणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसला. नंतरच्या अभ्यासांपैकी काहींत तो दिसला, काहींत नाही. मामांचे वडील मधुमेही होते. मामा चाळीस वर्षं मांडी घालून बसले, भात आवडीने खाल्ला. या सगळ्यातून धुराचा हिस्सा सुटा काढून त्यांच्या हातात देणं मला शक्य नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं. डॉक्टरांना मात्र कामाचा इतिहास सांगा, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, लघवीत प्रथिन जातंय का ते बघा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांनी ती तपासणी केली. ठीक निघाली.

रिपोर्ट घेऊन आम्ही सराफ बाजारातूनच परत येत होतो. मामा एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. समोर गटाराच्या कडेला एक माणूस पाटीत गाळ घेऊन हलवत होता, मोठ्या दुकानांच्या केरातून सोन्याचे कण वेचणारा झारेकरी. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तो धूर अजून आहे माझ्यात?"

"थोडा असणार मामा. मूत्रपिंडात जास्त, स्वादुपिंडातही थोडा. पण कुलुपात."

"सोनं साठलं असतं ना एवढी वर्षं," मामा उठता उठता म्हणाले, "तर शेठने मला रिटायर होऊ दिलं नसतं. आधी आटवून बघितलं असतं."